मम्मीजींनी काढलेली भांडी

१

मला राग आला की तो आधी भांड्यांना कळतो. तोंडाने बोलायची आमच्या घरात सोय नाही. एक शब्द चढ्या आवाजात निघाला की मनन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "झालं, सुटली पिंपळनेर गाडी!" आणि मोबाइल घेऊन गॅलरीत उभा राहतो. पिंपळनेर माझं माहेर. मग मी भांडी आदळते. ताट ओट्यावर, डाव कढईवर, झाकण डब्यावर. आमच्या घरात आज काय बिनसलंय ते शेजारपाजाऱ्यांना या आवाजावरून बरोबर कळतं.

जळगावात आमचं भांड्यांचंच दुकान आहे. मनन गिऱ्हाइकासमोर प्रत्येक भांड्याला टिचकी मारतो आणि म्हणतो, "ऐका, कसा आवाज आहे!" खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा गेलेलं. आवाजावरून तो माल ओळखतो. घरी आला की मात्र त्याला काही ऐकू येत नाही.

सासरे गेले आणि माझ्या सासूबाई, प्रेमकुंवर, आपल्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांना आम्ही मम्मीजी म्हणतो. डॉक्टर म्हणाले, मन कशात तरी रमवा. माझ्या मुलीची, प्रियलची, शाळेतली रंगपेटी पडून होती, ती त्यांनी मागून घेतली. खिडकीपाशी एक पाट मांडला आणि मला हाक मारली, "रिद्धी, एक तांब्या दे गं."

त्या दिवसापासून रोज एक भांडं त्या पाटावर जाऊन बसायचं आणि मम्मीजी त्याच्यासमोर. हातात ब्रश घेऊन, त्याचं चित्र काढत, दुपारभर.

कशाला खोटं बोलू, चित्रं सुंदर होती. तव्याची जळकी कड त्यांनी काळ्या रंगाने रंगवलीच नव्हती. त्यात निळा होता, तपकिरी होता, मधेच एक ठिपका जांभळ्याचा, आणि लांबून बघितलं की अगदी आमचा तवा. स्टीलच्या ग्लासात वाकडी झालेली खिडकी होती, कूलरची जाळी होती. एका पातेल्याला माझ्या हातून पोचा पडला होता. त्या पोच्यात उजेड असा साचला होता की त्यावरून बोट फिरवावंसं वाटलं. लग्न होऊन आल्यापासून मी ते पातेलं घासतेय. ते इतकं देखणं आहे हे मला कागदावर कळलं. मला भरून आलं, आणि लगेच रागही आला. काढणारीचं कौतुक झालं, घासणारीचं कोण करतंय?

मनन फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. "जिवंत!" कोणीतरी लिहायचं. "हात लावला तर वाजेल."

२

मे महिना होता. प्रियलला सुट्टी लागली होती आणि मला चार दिवस माहेरी जायचं होतं. मनन जेवता जेवता म्हणाला, "मम्मीजींना उकळलेलं पाणी कोण देणार? सूर्यास्ताच्या आत जेवायला कोण वाढणार?"

मी म्हटलं नाही की तू. मी त्याचं रिकामं ताट उचललं, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर आपटलं.

हाताला झणका बसला, पार कोपरापर्यंत. आवाज झाला नाही.

मी थांबले. बाहेर आंबेवाला ओरडत होता, ते ऐकू आलं. हॉलमधला कूलर घरघरत होता. प्रियल कार्टूनमधलं गाणं बेसूर म्हणत होती. माझे कान ठीक होते. मी ताट पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. ग्रॅनाइटवर स्टील, आणि काही नाही. उशीवर आपटावं तसं. पण उशीसुद्धा थोडी वाजते.

वाटलं, डोक्यात ऊन चढलं. जळगावच्या उन्हात काहीही होऊ शकतं. डोक्यावर पाणी मारलं आणि शेजारचं ताट आपटलं. ते वाजलं, चांगलं खणखणीत. हॉलमधून मनन म्हणाला, "सुटली गाडी!"

३

मी मुकं ताट त्याला नेऊन दिलं. म्हटलं, वाजव.

त्याने दुकानातल्यासारखी टिचकी मारली. मग दुसरी. कानाशी धरून तिसरी. त्याच्या कपाळाला आठी पडली आणि लगेच गेली.

"तडा आहे," तो म्हणाला.

"कुठे आहे? दाखव."

"प्रत्येक तडा दिसत नाही. मोडीत टाक ते."

"अरे, तडा गेलेलं भांडं बद्द वाजतं. हे वाजतच नाही. तुझ्या आयुष्यात असं भांडं बघितलंयस?"

"अगं, धंदा माझा आहे की तुझा?" झालं, संपलं. ज्याचं सगळं दुकान कानावर चालतं, त्याने एवढं सांगून फोन हातात घेतला.

मग एकेक सापडत गेलं. तवा उलथण्याने खरवडला तरी गप्प. ग्लास हातातून निसटला, फरशीवर गडगडत गेला आणि मी नुसती बघत राहिले. चमचा, किसणी, डब्याचं झाकण. मी सगळी भांडी ओट्यावर काढली आणि एकेक वाजवली. मुकी एका बाजूला, वाजणारी दुसऱ्या बाजूला. मुकी सगळी मम्मीजींच्या पाटावर बसून आलेली होती.

मी स्वतःलाच हसले. सकाळी घासायला ठेवलेलं पातेलं संध्याकाळी वाजेनासं होतं, आणि त्याला कारण काय, तर जलरंग! शिकलेली बाई आहेस ना तू, म्हटलं. पण हसू काही टिकलं नाही.

सुगंधाबाई आमच्याकडे भांडी घासायला येतात, पारोळ्याकडच्या. त्यांनी एक दिवस नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वहिनी, हाई काय शे? भांडा बठ्ठा मुका व्हई ग्यात. माले भेव वाटस."

"जुनी झालीत हो," मी म्हटलं.

"जुना भांडा जास्त वाजस," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

मनन मात्र खूश होता. "घर कसं शांत वाटतंय. सुधारलीस की काय?" मी त्याच वेळी त्याच्या मागे उभी राहून कढईवर डाव हाणत होते, जीव खाऊन. त्याला पत्ताही नव्हता.

४

शेवटी मी मम्मीजींच्या खोलीत गेले. त्या ब्रश धूत होत्या. वाटीतल्या पाण्यात करडा रंग हळूहळू पसरत होता. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं मी पहिल्यांदा एकत्र बघितली. माझं अख्खं स्वयंपाकघर तिथे उभं होतं. आणि देवाशप्पथ सांगते, खोलीत एक बारीक किणकिण होती. बंद कपाटात काचेच्या बरण्या एकमेकींना लागाव्यात तशी. कूलर असेल, म्हणून मी कूलर बंद केला. किणकिण चालूच राहिली.

"मम्मीजी, तुम्ही काढलेली भांडी वाजत नाहीत."

"हो ना," त्या म्हणाल्या. हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत आहे?"

"हे गेल्यापासून आवाज सहन होत नाहीत गं. डोक्यात सुई घुसते. तू आदळतेस ना, तेव्हा जास्त." त्यांनी ब्रशचं टोक ओठांत धरून सरळ केलं. "एकेकाकडे नीट बघत बसलं, बारीकसारीक सगळं उतरवलं, की ते दुखायचं थांबतं. कसं होतं ते मला विचारू नकोस. मला बरं वाटतं, एवढंच."

"मला सांगायचं होतंत. मी आदळलं नसतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "खरंच?" म्हणाल्या.

त्या घरात माझं म्हणून काय होतं? तेवढा आवाज होता. तोही त्यांनी कागदावर नेऊन भिंतीला टेकवला होता.

दारातून मी फक्त एवढंच विचारलं, "माणसं नाही ना काढत?"

"माणसं कसली काढतेय! घरातल्या वस्तू काढते मी."

५

आता प्रियलबद्दल सांगायला हवं. पोरगी पहिलीतून दुसरीत गेली होती आणि जागी असताना गप्प बसणं तिला ठाऊक नव्हतं. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची, अर्ध्या चुकीच्या. वरण का पिवळं, पाल का चुकचुकते, पप्पा का घोरतात. पुढचा दात पडला होता, त्यामुळे प्रत्येक 'स' बरोबर शिट्टी निघायची. मनन म्हणायचा, "आईवर गेलीय, बंद करायचं बटणच नाही." मला मनातून बरं वाटायचं. मी गिळलेलं सगळं ती बोलून टाकते, असं वाटायचं.

त्या दिवशी मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर घरात चिडीचूप. कूलरसुद्धा बंद. पिशवी तशीच टाकून मी मम्मीजींच्या खोलीकडे धावले.

प्रियल पाटावर बसली होती. भांडी ठेवायच्या पाटावर, मांडी घालून. मम्मीजी ब्रश धूत होत्या.

"तिनेच हट्ट धरला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दादी माझं काढ, दादी माझं काढ. कान खाऊन टाकले पोरीने."

मी चित्र बघितलं. आजवर काढलेलं सगळं त्याच्यापुढे फिकं होतं. पिवळा फ्रॉक, खांद्यावर सुटलेली शिवण, गुडघ्यावरची खपली, घामाने कपाळाला चिकटलेली बट. तोंड उघडं, काहीतरी विचारता विचारता अर्ध्यावर थांबलेलं, आणि पडलेल्या दाताच्या जागी एवढासा अंधार. माझ्या पोरीकडे इतकं निरखून मीसुद्धा कधी बघितलं नव्हतं. एक क्षण मी सगळं विसरले. सुंदर आहे, एवढंच मनात आलं. त्या एका क्षणाची मला आजही चीड येते.

प्रियल पाटावरून उठली आणि माझ्याकडे धावत आली. फरशीवर तिचे पाय वाजले नाहीत.

तिने तोंड उघडलं.

६

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं. "सगळं स्वच्छ आहे. घाबरली असेल, बोलेल." मी म्हटलं, "डॉक्टर, तिला टाळ्या वाजवायला सांगा." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर मननने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

बाहेर बाकावर बसून प्रियल टाळ्या वाजवत होती. हात लाल होईपर्यंत वाजवत होती. माझ्याकडे बघत होती, ऐकू आलं का म्हणून.

घरी आल्यावर मी चित्र शोधलं. नव्हतं. मनन म्हणाला, "ते होय! भुआजी आल्या होत्या ना परवा, त्यांना फार आवडलं. मी काच लावून दिलं. धुळ्याला नेलं त्यांनी." भुआजी म्हणजे त्याच्या आत्या.

"मला न विचारता?"

"अगं, चित्र आहे ते. त्याचा आणि पोरीच्या घशाचा काय संबंध? आणि खरं सांगू, जरा शहाण्यासारखी वागायला लागलीय. बोलेल हळूहळू. इतकी काय घाई आहे?"

माझ्या हातात मुकं ताट होतं. मी ते आपटलं नाही. काय उपयोग होता?

७

प्रियलच्या आधी मम्मीजींनी पितळी लोटा काढला होता. ते चित्र मी बाथरूममध्ये नेलं. काही ठरवलेलं नव्हतं. सूड म्हणा हवं तर. नळ सोडला आणि कागद खाली धरला.

आधी पिवळा सुटला. मग तपकिरी, मग काठावरची पांढरी चमक. लोटा ओघळत गेला. शेवटचा रंग कागदावरून उतरला आणि स्वयंपाकघरात, ओट्यावर, लोटा वाजला. कोणी हात न लावता. केवढ्याने! सगळं घर घुमलं. मम्मीजींच्या खोलीतून "आई गं!" ऐकू आलं.

मी बाथरूममध्येच खाली बसले आणि रडले. परत येतं, परत येतं! एवढंच डोक्यात होतं. लोट्याकडे बघायलाही थांबले नाही. पर्स उचलली, प्रियलला शेजारी सोडलं आणि धुळ्याची बस पकडली.

८

भुआजी धुळ्याला एकट्याच राहतात. मुलगा पुण्याला असतो. त्यांना ऐकू कमी येतं, कानात मशीन असतं, बोलायचं तर ओरडावं लागतं. मी दारातून ओरडले, "भुआजी, मी रिद्धी!"

"ओरडतेस कशाला बेटा?" त्या म्हणाल्या. कानात मशीन नव्हतं.

हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, चित्र लावलं होतं. त्या खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसल्या होत्या. हातात शेंगा सोलायला घेतलेल्या.

"हिचं मशीनशिवाय ऐकू येतं," त्या लाजत म्हणाल्या. "दिवसभर बडबड चाललेली असते. मी पण बोलते. कोणाला सांगू नकोस हं, वेडी म्हणतील."

मी जवळ गेले. काचेला कान लावला.

"मम्मी," प्रियल म्हणाली. 'स' नसलेला शब्द, तरी मला ती शिट्टी ऐकू आल्यासारखी वाटली. "मम्मी, ही आजी शेंगा का सोलते?"

मी फ्रेम खिळ्यावरून काढली. भुआजींनी माझा हात धरला. "राहू दे ना. तुझ्याकडे पोरगी आहे. हे चित्रच आहे ना नुसतं?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी हात सोडवून घेतला, जरा जोरातच. त्या फाटकापर्यंत मागे आल्या.

"तिला विचार तरी!" त्या म्हणाल्या.

बसमध्ये फ्रेम मांडीवर होती, पातळ ओढणीखाली. पारोळ्यापर्यंत ती पाट्या वाचत होती, अर्ध्या चुकीच्या, बारीक आवाजात. शेजारच्या बाईने मोबाइल तपासला. मी ओढणीवर हात फिरवत म्हणत होते, "घरी चाललोय आपण, बाळा. घरी." एरंडोल गेलं आणि ती बोलायची थांबली. वाटलं, झोप लागली असेल.

९

मनन दुकानात होता. मम्मीजी खोलीचं दार लावून बसल्या होत्या. मी प्रियलला शेजारून आणलं, काच काढली आणि कागद घेऊन बाथरूममध्ये गेले. प्रियल दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला धरून.

"आता बघ," मी तिला म्हटलं. "आता बोलशील बघ तू."

नळ सोडला. फ्रॉकचा पिवळा आधी सुटला. खांदा गेला, खपली असलेला गुडघा गेला. चेहरा मी शेवटी पाण्याखाली धरला. मम्मीजींनी तो खिडकीकडे बघताना काढला होता, हे मला पक्कं आठवतंय. मी कितीतरी वेळ बघितलं होतं ते चित्र. पाणी पोहोचायच्या आधी ते डोळे माझ्याकडे बघत होते.

मग ते ओघळले.

"मम्मी, नको!"

दारातून. प्रियलच्या गळ्यातून, तिच्या स्वतःच्या. केवढ्याने ओरडली! मी कागद टाकला, तिला छातीशी घट्ट धरलं, हसले, रडले. "बोललीस! बोललीस गं बाई माझी! बोल, अजून बोल."

तिने तोंड उघडलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला. श्वासाचासुद्धा आवाज नव्हता.

मी उठले, स्वयंपाकघरात गेले. लोटा ओट्यावर होता. मी त्याला टिचकी मारली. मग डाव मारला. मग उचलून फरशीवर आपटला, पुन्हा पुन्हा, त्याला पोचे पडले तरी. घरात कूलर चालू होता, बाहेर रिक्षा जात होत्या, तेवढंच ऐकू आलं; लोट्याचा आवाज त्या एकदाच निघून गेला होता. परत आले तेव्हा बाथरूमच्या फरशीवर पांढरा कागद चिकटला होता. त्यावर काहीही उरलं नव्हतं.

मननला सांगितलं. तो म्हणाला, "बघ, एकदा बोलली ना? म्हणजे परत बोलेल. मी म्हटलंच होतं." आणि टीव्ही लावला.

मम्मीजींनी रंगपेटी बंद केली. आता आमच्या घरात डोकं दुखण्यासारखं काही नाही.

प्रियल शाळेत जाते, जेवते, माझ्याजवळ झोपते. मला तिचे ओठ वाचता यायला लागलेत, भूक लागली, पाणी दे, एवढं कळतं. फक्त मी नळ सोडला की ती असेल तिथून धावत येते. कधी आली ते कळत नाही, पाय वाजत नाहीत. माझा हात दोन्ही हातांनी धरते, नळ बंद करते, आणि तो पुन्हा सुटू नये म्हणून त्याच्यावर हात ठेवून उभी राहते. मी तिला किती वेळा सांगितलं, बाळा, भांडी घासायची आहेत. ती माझ्याकडे बघत नाही.